चार्ज : पैशाचा, पोलिसांचा, बॅटरीचा आणि खुर्चीचा

शब्दवेडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

एका इंग्रजी मजकुराचं मराठी करतेय आणि 'चार्ज' या शब्दाने नुसता पिच्छा पुरवलाय. एकाच पानात आधी एक माणूस सेवेचा जादा चार्ज मागतो, मग त्याच माणसावर फसवणुकीचा चार्ज ठेवला जातो, त्याच्या जागी आलेली बाई चार्ज घेते आणि शेवटी तिच्या फोनचा चार्ज संपतो. लेखकाने बहुधा मुद्दाम केलंय. चारही ठिकाणी 'चार्ज' तसाच ठेवला तरी वाचणाऱ्याला कळेल, पण मग मी केलं काय?

शब्दकोश उघडला की शुल्क, आकार, आरोप, कार्यभार, हल्ला, प्रभार, बोजा, भरणे, सोपवणे असा ढीग समोर येतो. कोणता कुठे बसतो आणि बोलताना आपण खरंच काय म्हणतो, ते तिथे नसतं. म्हणून हा धागा. आपापल्या क्षेत्रातलं सांगा. पारिभाषिक चालेल, बोलण्यातलं असेल तर जास्त आवडेल.

तिरकस

पयला नंबर! फोन चार्जिंगला लावून येतो, मग धाग्यावर चार्ज करतो.

खडूफळा

तिरकस, खाली बसा.

शब्दवेडी, अर्थ पाठ करत बसण्यापेक्षा आधी मुळाशी जा, म्हणजे पुढचं सोपं जाईल. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे ओझ्याची गाडी. त्यावरून पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये 'कारिकारे' आलं, म्हणजे गाडीवर माल लादणे. तिथून फ्रेंचमार्गे 'चार्ज' इंग्रजीत पोचला. कार, कॅरी, कार्गो ही सगळी याच गोतावळ्यातली. कॅरिकेचरसुद्धा, कारण इटालियनमध्ये नाकाडोळ्यांवर जरा जास्तच 'लादलेलं' चित्र ते कॅरिकेचर.

तेव्हा मूळ अर्थ एकच : लादणे, भरणे. तोफेत दारू भरली, माणसावर आरोप ठेवला, गिऱ्हाइकावर रक्कम लावली, अधिकाऱ्यावर जबाबदारी टाकली, जमिनीवर कर्ज चढवलं. प्रत्येक वेळी काय लादलंय आणि कुणावर, एवढं विचारलं की मराठी क्रियापद आपोआप हाताशी येतं. वरच्या पाच वाक्यांत मी पाच वेगळी क्रियापदं वापरली, बघा.

आणि आपल्या पारिभाषिक शब्दांकडे पाहिलंत तर तेच ओझं दिसेल. कार्यभार, पदभार, प्रभार, अधिभार. सगळीकडे 'भार' आहे. (आभारसुद्धा! पण तो चार्ज नव्हे.) हा 'भार' संस्कृत 'भृ' धातूचा, आणि इंग्रजीतले बेअर आणि बर्डन त्याच मुळाचे दूरचे नातलग. 'चार्ज' मात्र त्या घराण्यातला नाही, उगाच नातं जोडू नका.

मुद्रितशोध्या

खडूफळा, दंडवत. क्रियापदाचा मुद्दा अगदी मनातला. हल्लीच्या मजकुरात 'शुल्क आकारण्यात येईल' इतक्या वेळा तपासतो की डोळे दुखतात. "ते किती चार्ज करतात?" याचं मराठी "ते किती शुल्क आकारतात?" असं कुणी तोंडाने म्हणतं का हो? "ते किती घेतात?" बस्स. समोरच्यालाच विचारायचं असेल तर "तुमचे किती झाले?"

आता पैशाच्या अर्थाबद्दल थोडं पसरून लिहितो, कारण मराठीची खरी श्रीमंती तिथे आहे. इंग्रजीत वकील, गवई, हमाल, दलाल, टॅक्सीवाला सगळेच चार्ज करतात. आपल्याकडे वकिलाची फी, गवयाची बिदागी, व्याख्यात्याचं मानधन, हमालाची हमाली, मजुराची मजुरी, दलालाची दलाली आणि गाडीचं भाडं. शब्द बदलला की नातं बदलतं. व्याख्यात्याला "तुमची मजुरी किती?" विचारून पाहा.

याहून सुंदर प्रकार म्हणजे '-णावळ'. दागिना घडवण्याचा चार्ज घडणावळ. कपडे शिवण्याचा शिवणावळ. धुण्याचा धुणावळ. दळण्याचा दळणावळ. लिहून देण्याचा लिहिणावळ. नाणी-नोटा वटवताना कापून घेतात ती वटणावळ आणि हुंडीच्या व्यवहारातली हुंडणावळ. खाणावळ हासुद्धा मुळात जेवणाच्या पैशाचा शब्द, पुढे तो जागेलाच चिकटला. 'मेकिंग चार्जेस' म्हणणारे रोज भेटतात, पण घडणावळ अजून जिवंत आहे. शिवणावळीच्या जागी 'शिलाई' आली आणि वटणावळ तर आता अर्थशास्त्राच्या पुस्तकांपुरतीच उरली. एका प्रत्ययात 'अमुक कामाबद्दल घ्यायचे पैसे' एवढा अर्थ बसतो, इंग्रजीला त्यासाठी दोन शब्द लागतात.

शब्दवेडी (धागाकर्ती)

हुंडणावळ! हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. मग ऑनलाइन पैसे पाठवताना कापतात त्याला 'पाठवणावळ' म्हणायला हरकत नाही.

मुद्रितशोध्या

माझी अजिबात हरकत नाही. पुढच्या मजकुरात दिसला तर मी तो कापणार नाही, एवढं वचन देतो.

फाईलवाला

शुल्क, आकार, फी, कर यांची सरमिसळ फार होते म्हणून वीजबिलाचं उदाहरण देतो. बिलात 'स्थिर आकार', 'वीज आकार', 'वहन आकार' असे रकाने असतात. हे सगळे चार्ज. त्यांच्याच खाली 'वीज शुल्क' असतं, पण तो चार्ज नव्हे. ती ड्यूटी, म्हणजे सरकारकडे जाणारा कर. तेव्हा निदान त्या कागदावर आकार आणि शुल्क हे समानार्थी नाहीत. उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क यांतही शुल्क म्हणजे ड्यूटीच. उलट प्रवेश शुल्क, परीक्षा शुल्क म्हटलं की फी. एकच शब्द दोन्हीकडे राबतोय, त्यामुळे अनुवाद करताना मूळ कागद कुठला आहे ते आधी बघायचं.

सरचार्ज म्हणजे अधिभार. मूळ रकमेवर चढवलेली वरची रक्कम. त्याला 'अतिरिक्त शुल्क' म्हणणारे भेटतात, पण एक्स्ट्रा चार्ज वेगळा आणि सरचार्ज वेगळा. सरचार्ज बहुतेक वेळा मूळ आकाराच्या किंवा कराच्या टक्केवारीत असतो.

हिशेबाच्या वहीत "चार्ज इट टू माय अकाउंट" असेल तर "माझ्या नावे टाका". नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट. "माझ्या खात्याला चार्ज करा" हे मी छापील पत्रात पाहिलंय आणि क्षणभर ते खातं फोनसारखं सॉकेटला लावल्याचं डोळ्यांसमोर आलं.

तिरकस

'फ्री ऑफ चार्ज' राहिलं की. फुकट ते पौष्टिक.

मुद्रितशोध्या

चांगली आठवण केलीत. फुकट, मोफत, विनामूल्य, निःशुल्क हे चौघे दिसायला सारखे, पण एकमेकांच्या जागी बसत नाहीत. फुकट म्हणजे पैसे न देता आणि वाया गेलेलंही : "सगळी मेहनत फुकट गेली." शिवाय त्यात थोडा उपहास असतोच. म्हणून शिबिराच्या फलकावर 'फुकट तपासणी' लिहीत नाहीत, 'मोफत' लिहितात. विनामूल्य जरा इस्त्री केलेला. निःशुल्क हिंदीतून जास्त येतो, मराठीत चुकीचा नाही, पण बोलताना जिभेवर येत नाही.

काळाकोट

उशिरा आलो, पण आरोपाच्या अर्थाबद्दल बोलायलाच हवं. बातम्यांमध्ये तीन वेगळ्या पायऱ्यांचा रोज काला होतो.

पोलीस तपास संपवून न्यायालयात जो अहवाल देतात, त्याला बोलीत 'चार्जशीट' म्हणतात. मराठीत आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १७३ खाली येई. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम १९३ आहे. आरोपपत्र पोलीस दाखल करतात. पण 'चार्ज फ्रेम' करतं ते न्यायालय. त्याला आरोप निश्चित करणे म्हणायचं. म्हणून "पोलिसांनी आरोप निश्चित केले" ही बातमी चुकीची आणि "न्यायालयाने आरोपपत्र दाखल केलं" ही त्याहून चुकीची.

आता डिस्चार्ज. पुढे खटला चालवण्याइतकाही आधार कागदपत्रांत नाही असं न्यायालयाला वाटलं तर आरोप निश्चित होण्याआधीच आरोपीला सोडतात. सत्र न्यायालयातल्या खटल्यांसाठी जुन्या संहितेत कलम २२७, नव्या संहितेत २५०. हा डिस्चार्ज, म्हणजे आरोपमुक्ती. खटला पूर्ण चालून पुराव्याअंती सुटका झाली तर ते अक्विटल, निर्दोष मुक्तता. इंग्रजी वाक्यात 'डिस्चार्ज्ड' असताना मराठीत 'निर्दोष सुटका' लिहिलं की कायद्याच्या नजरेत फार मोठी चूक होते.

इंग्रजी वापराचंही एक सांगतो. चार्ज्ड 'विथ' थेफ्ट, पण अक्यूज्ड 'ऑफ' थेफ्ट. दोन्हींचं मराठी 'चोरीचा आरोप' असंच होतं, त्यामुळे उलट भाषांतर करताना आपली माणसं हमखास 'चार्ज्ड ऑफ' लिहितात. दोन्हींत अर्थाचाही फरक आहे. शेजारी अक्यूज करू शकतो. चार्ज करायला यंत्रणा लागते. कथेत शेजारणीने नुसता आळ घेतला असेल तर 'आळ', 'ठपका', 'बोल लावणे', 'तोहमत' असे कितीतरी शब्द आहेत. ठपका चौकशी समितीच्या अहवालात शोभतो, आळ घरातल्या भांडणात. कार्यालयीन चौकशीत मात्र 'दोषारोप' हाच ठरलेला शब्द.

शब्दवेडी (धागाकर्ती)

काळाकोट, खूप आभार. माझ्या मजकुरात खटला अजून सुरूच व्हायचाय, म्हणजे मी लिहिलेलं 'आरोप ठेवण्यात आला' चालेल ना?

काळाकोट

'आरोप ठेवला' हे जरा मोघम आहे, आणि कथेत मोघम असलेलं बरंच. पोलीस ठाण्यातला प्रसंग असेल तर 'गुन्हा दाखल झाला' लिहा, पण ती आणखी आधीची पायरी, एफआयआरची. तुमच्या मूळ वाक्यात कोण चार्ज करतंय ते बघून ठरवा. मजकूर परदेशातला असेल तर तिथे पोलीस स्वतःच चार्ज करतात असंही असतं, तेव्हा आपली कलमं तिथे चिकटवू नका.

जाता जाता, जमिनीवरचा चार्ज म्हणजे बोजा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०० मध्ये चार्जची व्याख्या आहे : स्थावर मालमत्ता रकमेच्या फेडीसाठी तारण ठरते, पण तो व्यवहार गहाणाचा नसतो. म्हणून चार्ज आणि मॉर्गेज दोन्हींना 'गहाण' म्हणू नये. सातबाऱ्यावर बोजा 'चढवतात' आणि कर्ज फिटलं की 'उतरवतात'. खडूफळांची मालगाडी इथे शब्दशः दिसते.

ओहम

आता माझी पाळी. बॅटरीबद्दल सगळेच बोलतात आणि सगळेच चुकीचं बोलतात. (हलके घ्या.)

पदार्थविज्ञानातल्या चार्जला मराठी पाठ्यपुस्तकांत 'विद्युतप्रभार' किंवा नुसतं 'प्रभार' म्हणतात. धनप्रभार, ऋणप्रभार, प्रभारित कण. हिंदीत याला 'आवेश' म्हणतात, आणि हिंदीवरून मराठी करणारे तो तसाच उचलतात. मग 'इलेक्ट्रॉनवर ऋण आवेश असतो' असं वाचायला मिळतं. आपल्याकडे आवेश वक्त्याला येतो, इलेक्ट्रॉनला नाही. उलट हिंदीत 'प्रभार' म्हणजे पदाचा चार्ज.

एका इलेक्ट्रॉनवरचा प्रभार १.६०२१७६६३४ × १०⁻¹⁹ कूलोम. हा आकडा २०१९ पासून मोजलेला नसून व्याख्येनेच पक्का केलेला आहे. इथवर ठीक. आता बॅटरी 'चार्ज' होते तेव्हा तिच्यात प्रभार साठतो का? नाही! पूर्ण चार्ज झालेली आणि पूर्ण उतरलेली बॅटरी, दोन्ही एकंदरीने उदासीनच असतात. जेवढे इलेक्ट्रॉन एका टोकाने आत जातात तेवढेच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. फोनच्या लिथियम-आयन बॅटरीत चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडमधून निघून दुसऱ्या, ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडमध्ये जाऊन बसतात. साठते ती रासायनिक रूपातली ऊर्जा. तुमच्या फोनवर ५००० मिलिअँपिअर-तास लिहिलेलं असतं, म्हणजे ५ अँपिअर-तास, म्हणजे १८,००० कूलोम. तेवढा प्रभार ती बॅटरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवू शकते. पोटात भरून ठेवत नाही.

म्हणून 'बॅटरी प्रभारित करा' असं कुणी लिहिलं की मी वैतागतो. भाषा म्हणूनही ते विचित्र आणि विज्ञान म्हणूनही दिशाभूल करणारं. 'बॅटरी भरा', 'बॅटरी भरली', 'बॅटरी उतरली' हे साधं मराठी जास्त खरं आहे.

खडूफळा

ओहम, झकास. मग या सगळ्यात 'चार्ज' शब्द शिरला कसा, तेही सांगून टाका.

ओहम

त्यात बेंजामिन फ्रँकलिनचा मोठा हात. १७४५-४६ च्या सुमाराला लायडन जार सापडला, काचेची बरणी, आतबाहेर धातूचा थर. ती 'चार्ज' करायची, म्हणजे बंदुकीसारखी भरायची आणि मग उडवायची. अशा अनेक बरण्या एकत्र जोडल्या, तेव्हा त्या जोडणीला फ्रँकलिनने १७४० च्या दशकाच्या शेवटी 'बॅटरी' म्हटलं, तोफांच्या बॅटरीवरून. म्हणजे चार्ज आणि बॅटरी हे दोन्ही शब्द तोफखान्यातून आपल्या खिशात आलेत. धन-ऋणाची कल्पनाही त्याचीच. आणि मघाचा मुद्दा त्यालाही दिसला होता : बरणीच्या एका बाजूला जेवढी भर पडते तेवढीच दुसऱ्या बाजूला तूट होते.

मुद्रितशोध्या

तोफखान्याचा विषय निघालाच आहे तर चार्जला मराठीत नेमका जुना शब्द आहे : बार. बंदुकीत बार भरतात, बार ठासतात, बार उडतो. ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून बार ठासून भरायची. फुसका बार आपण रोज वापरतो, तो याच बारचा. इंग्रजी युद्धकथेत "द गन वॉज चार्ज्ड" असेल आणि कुणी "बंदूक चार्ज केलेली होती" असं लिहिलं तर माझ्या हातात लाल पेन असतं.

तिरकस

म्हणजे फोनचा बार संपला म्हणायचं? कुणी ऐकलं तर भलतंच वाटेल.

पायवाट

हल्ल्याचा अर्थ कुणीच धरला नाही म्हणून मी. जंगलात भटकणाऱ्यांच्या तोंडी 'चार्ज' कायम असतो. "हत्तीने चार्ज केला", "अस्वल चार्ज करतं". मराठीत अंगावर धावून येणं, चाल करून येणं, मुसंडी मारणं. मुसंडी म्हटली की डोकं खाली घालून, समोर काय आहे न बघता घुसणं दिसतं. रानडुकराला, बैलाला, गव्याला ती शोभते. वाघाला नाही. वाघ झेप घेतो.

पण खरी गंमत 'मॉक चार्ज'मध्ये. हत्ती बऱ्याचदा नुसता धमकावतो. कान पसरून, चीत्कारत, धूळ उडवत जोरात येतो आणि मधेच थांबतो. साधारणपणे कान मागे चिकटलेले आणि सोंड आत वळवलेली दिसली तर मामला गंभीर समजायचा. या नुसत्या धमकीला लेखांमधून 'खोटा हल्ला', 'बनावट हल्ला', 'लुटुपुटूचा हल्ला' असं काय काय वाचलंय. अहो, 'हूल' आहे ना! हत्तीने हूल दिली. दोन अक्षरांत काम.

मुद्रितशोध्या

हूल! वा. हा प्रतिसाद साठवून ठेवतो.

फाईलवाला

माणसांच्या हल्ल्यातला 'लाठीचार्ज' मात्र अर्धा आपला, अर्धा त्यांचा. लाठीमार, लाठीहल्ला हे दोन्ही रूढ आहेत. बातम्यांत तो कायम 'सौम्य' असतो. ज्याला बसतो त्याचं मत विचारत नाहीत.

खडूफळा

घोडदळाच्या चार्जला 'चाल' किंवा 'एल्गार'. एल्गारला हल्ली मोर्च्यांच्या बातम्यांनी पळवलंय, पण मूळ अर्थ जोरदार हल्लाच.

अवांतर : शब्द मोघम राहिला की काय होतं त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण चार्जशीच जोडलेलं आहे. क्रिमियन युद्धात, २५ ऑक्टोबर १८५४ ला बालाक्लाव्हा इथे ब्रिटिश लाइट ब्रिगेडने रशियन तोफांवर समोरून घोडे घातले. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंचावर होता. शत्रू तोफा ओढून नेतोय ते त्याला दिसत होतं आणि त्या वाचवा, असा त्याचा हुकूम होता. खाली दरीत घोडदळाचा प्रमुख लॉर्ड लुकन याला त्या दिसतच नव्हत्या. 'कुठल्या तोफा?' या प्रश्नावर हुकूम घेऊन आलेल्या कॅप्टन नोलनने नुसता हात केला. सुमारे पावणेसातशे घोडेस्वार दरीच्या टोकावरच्या भलत्याच तोफांवर गेले. सर्वनामं जपून वापरा, असं मी मुलांना हे सांगूनच शिकवतो.

शब्दवेडी (धागाकर्ती)

काय माहिती येतेय, वा! तीन ठिकाणी अजून अडलेय. एक, 'अ चार्ज्ड सायलेन्स'. दोन, बालसंगोपन करणारी बाई 'हर यंग चार्जेस'ना घेऊन फिरायला जाते. तीन, 'आय फेल्ट चार्ज्ड'.

मुद्रितशोध्या

पहिल्याला 'भारलेली शांतता' सुचतं, पण भारलेलं म्हटलं की मंत्राने भारलेलं, म्हणजे जरा गोड, मोहवणारं वाटतं. दोघांत भांडण व्हायच्या बेतात असेल तर 'तणावाची शांतता' किंवा 'तंग शांतता'. प्रेमप्रसंग असेल तर भारलेलीच ठेवा.

दुसऱ्यात 'चार्जेस' म्हणजे तिच्याकडे सांभाळायला दिलेली मुलं. त्याला एका शब्दात पकडायचा हट्ट नको. "सांभाळायच्या पोरांना घेऊन ती निघाली." यंत्राने केलेल्या भाषांतरात याच वाक्याचं 'तिचे तरुण आरोप' झालेलं पाहिलंय.

तिसऱ्याला पर्याय भरपूर, पण छटा वेगळ्या. थकवा जाऊन अंगात आली तर तरतरी. काम करावंसं वाटलं तर हुरूप. कुणी डिवचल्यामुळे जोर चढला तर चेव. रणवाद्यं वाजत असतील तर स्फुरण. तुमच्या पात्राला कशाने चार्ज वाटतंय?

शब्दवेडी (धागाकर्ती)

बॉसने सगळ्यांसमोर टोमणा मारल्यामुळे.

मुद्रितशोध्या

मग चेव. डोळे झाकून चेव.

चिमटा

एवढे विद्वान जमलेत तर एक जुना वाद सोडवा. 'चार्जिंग संपली' की 'चार्जिंग संपलं'? आमच्या घरात यावरून दोन तट आहेत.

खडूफळा

संपलं. इंग्रजी '-इंग'वाले शब्द मराठीत बहुधा नपुंसकलिंगी होतात : पार्किंग मिळालं, ट्रेनिंग झालं, बुकिंग झालं, शूटिंग संपलं.

चिमटा

आणि मीटिंग? 'मीटिंग झालं' कुणी म्हणत नाही.

खडूफळा

मीटिंग सभेच्या, बैठकीच्या जागी आली म्हणून स्त्रीलिंगी. जिथे ठसठशीत मराठी प्रतिशब्द आधीच बसलेला असतो, तिथे पाहुणा शब्द बऱ्याचदा त्याचं लिंग घेतो. 'चार्जिंग संपली' म्हणणाऱ्यांच्या मनात बहुधा बॅटरी असते. चूक म्हणणार नाही, पण माझ्या कानाला संपलं. 'चार्ज' मात्र पुल्लिंगीच : चार्ज घेतला, चार्ज दिला.

फाईलवाला

चार्ज घेतला-दिला यावर मला बोलायचंच होतं. पदभार स्वीकारला, कार्यभार सोपवला, सूत्रं हाती घेतली हे सगळे छापील. कचेरीत सगळे चार्जच देतात-घेतात. फरक सांगायचा तर पदभार नेमणुकीबरोबर येतो. कार्यभार म्हणजे प्रत्यक्ष कामाचा गठ्ठा, म्हणून 'अतिरिक्त कार्यभार' म्हणतात. सूत्रं मात्र वरच्या खुर्चीतल्या माणसाच्याच हाती जातात. आवक-जावक लिपिकाने सूत्रं हाती घेतल्याचं वाचलेलं नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा 'इन-चार्ज'मध्ये. आपण त्याला 'प्रभारी' म्हणतो, पण मराठीत प्रभारी म्हटलं की तात्पुरता, असं मनात येतं. प्रभारी मुख्याध्यापक म्हणजे कायमचा येईपर्यंत खुर्ची सांभाळणारा. इंग्रजीत इन-चार्ज तसा तात्पुरता असायलाच हवा असं नाही. "शी इज इन चार्ज हिअर" याचं भाषांतर "त्या इथल्या प्रभारी आहेत" केलंत तर बाईंचा हुद्दाच घसरतो. "इथलं सगळं त्यांच्याकडे आहे" किंवा "इथल्या प्रमुख त्या". उलट राजनैतिक भाषेत 'शार्जे दाफेअर' हा फ्रेंच प्रकार आहे. राजदूत नसताना दूतावास सांभाळणाऱ्याला तसं म्हणतात, १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम १९ मध्ये त्याची तरतूद आहे. त्याला 'प्रभारी राजदूत' अगदी चपखल बसतं.

काळाकोट

+१. शिवाय 'इन चार्ज ऑफ' आणि 'इन द चार्ज ऑफ' यांत नुसत्या 'द'ने वाक्य उलटं होतं. "द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड" म्हणजे मूल नर्सच्या ताब्यात. "द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स" म्हणजेही तेच, पण कर्ता बदलला. 'द' गाळलात तर मूल नर्सला सांभाळतंय.

पाटपाणी

मी पाण्याच्या कामातला. डिस्चार्ज आणि रिचार्जबद्दल थोडक्यात. धरणातून सोडलेल्या पाण्याचा डिस्चार्ज म्हणजे विसर्ग, तो क्युसेकमध्ये सांगतात, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. एक क्युसेक साधारण २८.३ लिटर प्रति सेकंद. आणि जमिनीत पाणी मुरवून विहिरी-विंधणविहिरींना परत पाणी आणायचं ते भूजल पुनर्भरण. फोनला रिचार्ज, जमिनीला पुनर्भरण. हा पारिभाषिक शब्द गावोगाव रुळलाय, कारण त्यात 'भरणं' दिसतं. बॅटरीला 'प्रभारित' का रुळलं नाही, याचं उत्तर ओहम यांनी वर दिलंच आहे.

रात्रपाळी

वाचनमात्र होते, पण नर्सचा उल्लेख आला म्हणून लॉग-इन केलं. रुग्णालयात डिस्चार्जचे दोन अर्थ एकाच केसपेपरवर असतात. रुग्णाला डिस्चार्ज मिळाला, म्हणजे घरी सोडलं. जखमेतून डिस्चार्ज येतोय, म्हणजे स्राव. नातेवाइकांशी बोलताना दुसऱ्या अर्थाने हा शब्द आम्ही टाळतो, सरळ 'पाणी येतंय', 'पू येतोय' म्हणतो. नाहीतर "डिस्चार्ज सुरू आहे" ऐकून लोक सामान आवरायला घेतात.

आणि शब्दवेडी, तुमच्या मजकुरात पुढेमागे 'चार्ज नर्स' आली तर 'प्रभारी परिचारिका' करू नका, फाईलवाल्यांनी सांगितलंय त्याच कारणासाठी. सरकारी रुग्णालयांच्या पदनामात स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका आणि वॉर्डची जबाबदारी असलेली ती परिसेविका. बाहेरच्या देशांतली चार्ज नर्स बहुतेक ठिकाणी त्या पाळीपुरती वॉर्ड चालवते, म्हणजे परिसेविकेशी तंतोतंत जुळत नाही. मी असते तर 'पाळीप्रमुख' लिहिलं असतं. वॉर्डात मात्र सगळे 'सिस्टर' अशीच हाक मारतात, तेव्हा संवादात तेच ठेवा.

शब्दवेडी (धागाकर्ती)

रात्रपाळी, चार्ज नर्स आहेच, तिसऱ्या प्रकरणात! पाळीप्रमुख घेतेय. तिथे ती एकाला शॉक देताना "चार्जिंग, क्लिअर!" असं ओरडते, ते कसं करू?

रात्रपाळी

तसंच राहू द्या. त्या क्षणी कुणीही भाषांतर करत नाही. कंसात किंवा तळटीपेत काही नको. पुढच्या वाक्यात सगळे पलंगापासून हात काढून मागे सरकले असं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं.